चानकी

आपण भाकऱ्या थापायला बसलो की पोर परातीशी येतं. त्याला हाकलू नये. लहानसा गोळा द्यावा, त्याची चानकी त्याला थापू द्यावी. ज्वारीचं पीठ आपण ऊन पाण्यात मळतो. त्यानं पिठाला चिकटपणा येतो, भाकरी फाटत नाही. पण गोळा निवल्यावरच पोराच्या हाती द्यावा. चानकी वाकडी होईल. होऊ दे! आपल्या हातची चानकी पोरं आवडीनं खातात, हे आम्ही पाहिलं आहे.

तव्यावर मात्र आपणच टाकावी. पोर चुलीपासून चार हात लांब बसवावं. तरी हात भाजलाच, तर हळद नको, दंतमंजन नको. लगेच २० मिनिटं गार पाणी ओतत राहावं. फोड आला तर फोडू नये. जास्त भाजलं असेल, तर नंतर स्वच्छ फडकं झाकून दवाखान्यात न्यावं.