एअरगनचा पिस्टन वॉशर बदलणे: तेल कुठे, ग्रीस कुठे आणि मजुरी किती

व्हिडिओत हाताचं काम नीट दिसतं, पण क्रम आणि प्रमाण लक्षात राहत नाही. म्हणून स्प्रिंगच्या एअरगनचं हे काम सविस्तर लिहून देतोय. प्रिंट काढा आणि वर्कबेंचच्या वर चिकटवा.

आधी आमच्याच बॅचमधली एक गोष्ट. सायकल आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान असलेला एक मुलगा. पालच्या यात्रेला आठ दिवस उरले होते आणि फुगे फोडायचा स्टॉल लावणाऱ्या एक मावशी त्याच्याकडे तीन बंदुका घेऊन आल्या. "छर्रा फुग्यापर्यंत जाईस्तोवर खाली पडतोय रे. गिऱ्हाईक म्हणतं, मुद्दाम करता तुम्ही." पोराने काय केलं? नळी मोडून हवेच्या भोकातून शिलाई मशीनचं तेल सोडलं, प्रत्येकीत पाच-सहा थेंब. फाट्कन आवाज, नळीतून धूर, छर्रा थेट फळीत. मावशी खूश. दहा मिनिटांच्या कामाची मजुरी घेतली आणि पोरगंही खूश.

यात्रेच्या दुसऱ्या रात्री, ऐन गर्दीत, तीनपैकी दोन बंदुका बसल्या. एकीची स्प्रिंग तुटलेली, दुसरीच्या वॉशरच्या चिंध्या. त्याने पैसे परत केले, पण मावशींचा त्या रात्रीचा धंदा कोण परत करणार?

आता हे का झालं ते समजून घ्या, कारण अख्ख्या कामाची किल्ली इथेच आहे. नळी मोडली की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटका पिस्टनला अडकवून ठेवतो. ट्रिगर ओढला की पिस्टन सुसाट पुढे येतो आणि पुढची हवा दाबून बारीक भोकातून छर्‍याच्या मागे ढकलतो. हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना टोक गरम लागतं ना, तेच, फक्त कितीतरी जास्त. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या गरम हवेतच डिझेल पेटतं. पिस्टनच्या पुढे साधं तेल गेलं की बंदुकीतही हेच होतं. मावशींनी ऐकला तो तेलाचा स्फोट होता, बंदूक सुधारल्याचा आवाज नव्हता. त्या स्फोटाने पिस्टन उलटा आपटतो, वॉशर जळतो, स्प्रिंगवर उलटा मार बसतो.

म्हणून नियम असा: पिस्टनच्या पुढच्या तोंडावर काहीही पेटणारं नको. शिलाई मशीनचं तेल नको, खोबरेल नको, इंजिन ऑइल नको.

बंदूक कमजोर म्हणून आली की लगेच खोलू नका. आधी नळी जिथे मोडते तिथली छोटी रबरी रिंग बघा. छर्रा भरा, त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि सुरक्षित दिशेला, मागे जाड फळी ठेवून बार काढा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच जातेय. रिंग बदला, पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच "वॉशर गेलाय" बंदुका या रिंगवरच सुटल्यात. नळी मोडताना करकर लागत असेल किंवा हात अचानक हलका पडत असेल तर स्प्रिंगवर संशय घ्या. हे दोन्ही ठीक असेल, तरच पिस्टनचा वॉशर.

खोलताना डोळ्याला गॉगल. हे ऐच्छिक नाही. छर्रा नाही आणि बंदूक ताणलेली नाही, हे दोनदा बघा. दस्ता काढल्यावर जी शेवटची पिन किंवा मागचा ब्लॉक दिसतो, त्याच्या मागे स्प्रिंग आधीच दाबून बसवलेली असते, काही मॉडेलमध्ये दोन-तीन इंचसुद्धा. हाताने धरून पिन ठोकली तर ब्लॉक छातीवर येतो. आमच्या शेडच्या पत्र्याला अजून पोचा आहे, आणि तो माझ्याच हातून झालाय. सुताराचा लांब क्लॅम्प घ्या, दोन्ही टोकांना लाकडाचा ठोकळा द्या, दाब घेऊन मग पिन काढा आणि क्लॅम्प सावकाश सोडा. स्प्रिंग पूर्ण सैल झाल्यावरच हात घाला.

पिस्टन बाहेर आला की वॉशर कशाचा आहे ते बघा. जुन्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच बंदुकांत चामड्याचा वाटीसारखा वॉशर मधल्या स्क्रूवर असतो. नव्या बंदुकांत प्लास्टिकसारखा सिंथेटिक वॉशर पिस्टनच्या टोकावर दाबून बसवतात. दोघांचं खाणंपिणं वेगळं आहे.

चामड्याला तेल लागतंच, सुकलं की ते आक्रसतं आणि हवा सोडतं. नवा वॉशर सिलिकॉन तेलात रात्रभर भिजवा, सकाळी वरचं तेल पुसून बसवा आणि स्क्रू सैल होणार नाही असा आवळा. पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या बंदुकीत चामड्यावर बुरशी आलेली दिसेल. तो वॉशर वाचवायच्या भानगडीत पडू नका.

सिंथेटिकला भिजवायचं नाही. मॉली ग्रीस, मसुराच्या दाण्याएवढं, फक्त कडेला बोटाने चोळा आणि पुढचं तोंड कोरडं पुसा. नवा वॉशर फार घट्ट असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल फिरवत थोडा-थोडा उतरवा. जास्त उतरला की गेला, परत वाढत नाही.

सिलिंडर आतून कोरड्या कापडाने पुसा. रॉकेल-पेट्रोलने धुऊन तसाच बसवाल तर पुन्हा तोच स्फोट. आणि सिलिंडरला जी लांब खाच असते, तिच्या धारेने नवा वॉशर कापला जातो. वॉशर फाटतो तो बहुतेक वेळा बसवतानाच. धार बारीक पॉलिश पेपरने मोडा, कीस पुसून घ्या, मगच पिस्टन आत ढकला.

स्प्रिंग लावण्याआधी एक तपासणी कराच. पिस्टन आत घाला, पुढचं हवेचं भोक बोटाने दाबा आणि पिस्टन हाताने ढकला. हवेची गादी जाणवली पाहिजे. सरळ आत गेला तर वॉशर नीट बसलेला नाही. आत्ता कळलं तर दहा मिनिटं जातील, स्प्रिंग लावल्यावर कळलं तर पाऊण तास.

स्प्रिंगला जाड, चिकट ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे झणझण कमी होते. सिलिकॉन तेल इथे वापरू नका, लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते काही कामाचं नाही. पिस्टनच्या मागच्या घासणाऱ्या भागाला मॉली. जोडल्यावर छर्‍याशिवाय बार काढू नका. पुढे छर्रा नसेल तर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धातूवर आपटतो. आणि ताणलेल्या बंदुकीत छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरा. खटका सुटला तर बोट जातं.

वेग मोजायचं यंत्र नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घ्या. काम करण्याआधी आणि नंतर तेवढ्याच अंतरावरून पाच-पाच छर्रे मारा आणि काडीने खोली मोजा. खोलीपेक्षा पाचही सारखे जातात का हे बघा. गिऱ्हाइकाला हीच वडी दाखवा, बोलावं लागत नाही.

आता मजुरी. वॉशर स्वस्त आहे, म्हणून काम स्वस्त समजू नका. समजा तुमचा तासाचा दर २५० रुपये आहे आणि तपासणीसकट दीड तास लागतो. म्हणजे ३७५ अधिक सामान. "नुसतं वॉशर तर बदललं" म्हणणाऱ्याला जुना वॉशर हातात द्या. स्टॉलवाल्यांचं काम यात्रा लागण्याआधी, दिवाळीनंतर लगेच घ्या, आणि आठवडाभर आधी बंदूक परत द्या म्हणजे ते घरी मारून बघतील. कोणी "जास्त ताकदीची स्प्रिंग टाक" म्हणालं तर नाही म्हणा. सांधे झिजतात आणि ताकद वाढली की कायद्याचा प्रश्न येतो. .१७७ पेक्षा मोठ्या बोअरची बंदूक आली तर आधी कागद विचारा. आणि हे काम सुरू करण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्या.

तो मुलगा आता बंदुकीच्या दस्त्याला दोऱ्याने एक कार्ड बांधून देतो. त्यावर तारीख, वॉशर चामड्याचा की सिंथेटिक, आणि खाली मोठ्या अक्षरात: "भोकात तेल सोडू नये. कमजोर वाटल्यास फोन करा." मावशींना त्याने पुढच्या सीझनला स्वतः फोन केला. दोन बंदुका त्यांनी दुसरीकडे टाकल्या होत्या. तिसरी त्याच्याकडे पाठवली.