थर पातळ ठेव

सांगली,
१८ मे

चि. सायलीस,


तुझा निरोप मिळाला, फोटोही बघितला. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडायची, दादरला उतरेपर्यंत नाक चकाकायला लागतं आणि ऑफिसात पोचताना कपाळावर फाउंडेशनचे डाग पडलेले असतात, असं म्हणतेस. ‘मावशी, हजाराच्या आत बसेल आणि संध्याकाळपर्यंत टिकेल असं एक काहीतरी सांग.’ एका वस्तूचं नाव सांगून भागलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं.

तेल येतं यात तुझा काही दोष नाही. तुझ्या आजीचं कपाळही असंच होतं, माझंही आहे. कपाळ, नाक, हनुवटी या पट्ट्यात तैलग्रंथी दाटीवाटीने असतात आणि त्यांच्यावर हुकूम चालतो तो शरीरातल्या संप्रेरकांचा. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुतल्याने त्या ऐकत नाहीत. त्वचा मात्र कोरडी पडून चुरचुरते. दोनदा धू, पुरे. त्यात मुंबईची दमट हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो आणि वाळतो. तुमच्याकडे तो वाळतच नाही, तेलात मिसळून चेहऱ्यावर बसून राहतो. मग रंग त्या तेलात सैल होतो आणि घसरतो. तेव्हा वर आणखी रंग थापून उपयोग नाही. खाली काय काय लावलंयस ते आधी बघ.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. लग्नाच्या रंगभूषेची कामं घ्यायला लागले तेव्हाची गोष्ट. मे महिना, मंगल कार्यालयात एसी नाही, नवरीची त्वचा तेलकट. टिकलं पाहिजे म्हणून मी क्रीम, त्यावर प्रायमर, फाउंडेशनचे दोन हात, वर पॅनकेक, वर पावडर असा सगळा सरंजाम चढवला. आरशात मुलगी मूर्तीसारखी दिसत होती. अंतरपाट धरला तोवर नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडल्या होत्या आणि ओठांवर मिशीसारखी घामाची रेघ उमटली होती. तिची आई काही बोलली नाही, पण पैसे मोजून हातात देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. ओल्या गिलाव्यावर रंग मारला की पोपडे धरतात, हे गवंड्यालाही ठाऊक असतं. मला त्या दिवशी कळलं.

तू लिहिलेले थर मी मोजले. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, कॉम्पॅक्ट, वर फवारा. सात! अगं, गणपतीच्या मूर्तीलाही इतके हात देत नाहीत.

यातले निम्मे काढ. तोंड धुतल्यावर हलकं जेल मॉइश्चरायझर, तेही वाटाण्याएवढं. तेलकट त्वचेला ते नकोच, असं समजून अजिबात सोडू नकोस, गालांना लागतं. मग जेलसारखं, मॅट सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. ते लावलं की डबा भर, केस विंचर, दहा मिनिटं चेहऱ्याला हात लावू नकोस. सगळी गंमत या दहा मिनिटांत आहे. मॅट सनस्क्रीन पुष्कळदा सिलिकोनवालं असतं आणि त्याच्यावर वेगळ्या प्रायमरची गरज उरत नाही. हवाच असेल तर फक्त नाकाच्या बाजूला आणि दोन भुवयांमध्ये, बोटाने दाबून. डबीमागची यादी एकदा वाच. ‘मेथिकोन’ किंवा ‘सिलोक्झेन’ने संपणारी नावं वरच दिसली तर ते सिलिकोनवालं. खाली सिलिकोन आणि वर निव्वळ पाणीदार फाउंडेशन अशी जोडी जमली नाही, तर घासताना बारीक वळकट्या निघतात. तुझ्या फोटोत हनुवटीवर मला त्याच दिसल्या.

फाउंडेशन सगळ्या चेहऱ्यावर लावायची गरज नाही. नाकाच्या कडा, डाग, हनुवटी इथे थोडंसं, ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजने टिपत. बाकी ठिकाणी नुसता हात फिरव. नंतर टिशू पेपरचे दोन पदर वेगळे कर, एक पदर चेहऱ्यावर अलगद दाबून उचल. जास्तीचं तेल आणि जास्तीचा रंग दोन्ही निघून येतील. मगच पावडर, पफने दाबून; ब्रशने झाडू मारल्यासारखी नको.

आणि दुपारी चकाकी आली की लगेच कॉम्पॅक्ट काढू नकोस. तेलावर पावडर पडली की लगदा होतो. आधी टिप, मग कपाळावर आणि नाकावर एकदाच पफ दाब. टिपकागदाचं महागडं पुडकं न घेता साधा टिशू चालतो. पफ मात्र आठवड्याला शाम्पूने धू. तुझी पुटकुळ्यांची तक्रार निम्मी तिथेच आहे, असा माझा संशय.

आता पैशांचं. हजारातला मोठा वाटा सनस्क्रीन आणि फाउंडेशनला दे, कॉम्पॅक्ट मध्यम घे, प्रायमर आणि फवाऱ्यावर आत्ता काहीच घालू नकोस. फाउंडेशन मोठी बाटली घेऊ नकोस. मेबलिनचं ‘फिट मी’ मॅट छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, तेवढ्यावर महिना-दोन महिने बघ. कॉम्पॅक्ट घेताना देशी माल म्हणून नाक मुरडू नकोस. लॅक्मे टाटांनी १९५२ साली सुरू केलं, आणि नाव फ्रेंच वाटलं तरी ती आपली लक्ष्मीच आहे. त्यांचं मॅट कॉम्पॅक्ट माझ्या पेटीत वर्षानुवर्षं आहे.

रंगाची छटा हातावर बघू नकोस. जबड्याच्या कडेला लाव, दुकानाबाहेर उजेडात ये, अर्धा तास इकडेतिकडे फिर, मग ठरव. तेलकट त्वचेवर रंग थोड्या वेळाने गडद होतो. त्यावर उपाय म्हणून दोन छटा उजळ घेणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. आपल्या गव्हाळ वर्णावर ते राख फासल्यासारखं दिसतं. पांढरीशुभ्र पावडरही तसंच करते, विशेषतः फ्लॅशच्या फोटोत.

स्वस्त आणि बनावट यांत मात्र फरक कर. एका स्टॉलवर मोठ्या कंपनीची लिपस्टिक तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळाली म्हणून मी हरखून घेतली आणि चार दिवस ओठ सुजवून बसले. वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि अखेरची तारीख छापलेली असते; परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक असतो. आपल्या कायद्यात प्रसाधनांच्या रंगांना दहा लाखांत २० भागांहून जास्त शिसं चालत नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, तिच्यातलं शिसं कोण मोजणार? लोकलच्या डब्यात क्लिपा घे, रबरबँड घे. ओठांना आणि डोळ्यांना लावायचं काही घेऊ नकोस.

काजळ पसरतं ते पापणीखालच्या तेलामुळे; आधी तिथे चिमूटभर पावडर दाब. लिपस्टिक मॅट असली की झालं.

रात्री मात्र सगळं काढून झोप, कितीही दमलीस तरी. सॅलिसिलिक ॲसिडवालं फेसवॉश रात्रीचं एकदाच वापर. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत शिरून काम करतं. त्याच आठवड्यात दुसरं काही नवं सुरू करू नकोस, नाहीतर चेहरा लाल झाला तर कशाने झाला ते कळायचं नाही. मैत्रीण देते ती ‘आठ दिवसांत गोरं करणारी’ ट्यूब तर हातातही धरू नकोस; असल्या ट्यूबांत स्टेरॉइड निघतं आणि त्याने त्वचा पातळ होते. आणि एक, ताईसमोर विचारलं नसतं म्हणून इथे लिहिते: मुरमांबरोबर पाळी पुढेमागे होत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मेकअपचा खर्च थांबव आणि आधी डॉक्टरकडे जा. लाजू नकोस, माझं नाव सांग हवं तर.

पुढच्या सोमवारपासून हे करून बघ आणि मला फोटो पाठव. सकाळचा नको, संध्याकाळी परतताना प्लॅटफॉर्मवर काढलेला.

तुझी,
मावशी