जुन्या गाडीचा भाव काढताना

आमच्या नात्यात कुणाला गाडी विकायची असली की फोन मला येतो. आमची वॅगनआर, दिंडोरीच्या मामांची बोलेरो, नणंदेची स्विफ्ट अशा गाड्या एजंटाला मध्ये न घेता थेट घेणाऱ्याच्या हाती दिल्या. चांगल्या चालत्या गाड्या महिनोन् महिने दारात उभ्या राहिलेल्याही पाहिल्या, आणि त्यामागे बहुतेक वेळा आवाक्याबाहेर लावलेला भाव होता. म्हणून हे अनुभव नाशिकमधल्या विकणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

१. आधी तळ आणि माथा शोधा.
जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एखाद्या कंपनीकडून तपासणी करून घ्या. त्यांनी सांगितलेला भाव हा तळ. मग तशीच गाडी, म्हणजे तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंधन आणि जवळपास तेवढंच रनिंग, डीलरच्या यार्डात कितीला लावली आहे ते पाहा. तो माथा. या दोन आकड्यांमधल्या फरकातून डीलर गाडी ठीकठाक करतो, जागेचं भाडं भरतो, काही महिन्यांची वॉरंटी देतो आणि स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरतो. आपण गाडी जशी आहे तशी देतो. घरगुती विक्रीवर आपल्याला जीएसटीही नाही. मग डीलरचा भाव आपण कशाच्या जोरावर मागायचा? कागद स्वच्छ आणि सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण असेल, तर मधल्यापेक्षा थोडा वरचा आकडा हक्काने मागावा. त्याहून वर गेलं की फोन येणं थांबतं.

२. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो.
तेवढे पैसे कुणाला मिळाले, हे जाहिरात सांगत नाही. मी आपल्यासारख्या गाड्यांच्या जाहिराती वहीत उतरवून ठेवते आणि पंधरवड्याने पुन्हा बघते. ज्या निघून गेल्या, त्यांचा भाव बहुधा बाजाराला पटलेला असतो. ज्या तिथेच आहेत किंवा ज्यांचा आकडा खाली आला आहे, त्यांच्या पहिल्या आकड्यावर आपली गाडी लावण्यात अर्थ नाही.

३. नव्या गाडीची किंमत घसरली की जुनीची घसरतेच.
२२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. सेस धरून २९ टक्के कर भरणारी ६ लाखांची पेट्रोल गाडी नुसत्या या हिशेबाने सुमारे ५ लाख ४९ हजारांवर येते. शोरूममध्ये ५० हजार वाचत असताना तुमच्या तीन वर्षं वापरलेल्या गाडीला ऑगस्टमधला भाव कोण देईल? ‘मी तर जुन्या करानेच घेतली होती’ हे म्हणणं खरं आहे, मनाला लागणारंही आहे; पण घेणारा आजची शोरूम बघतो. तुम्ही भरलेला रोड टॅक्स, पहिल्या वर्षाचा विमा, अ‍ॅक्सेसरीज यांचे पैसे वापरात फिटले असं धरूनच हिशेबाला बसावं.

४. पॉलिसीवरची आयडीव्ही हा बाजारभाव नाही.
अनेकजण विम्याचा कागद पुढे करून तोच आकडा मागतात. ती रक्कम गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर भरपाई ठरवण्यासाठी असते आणि ठरावीक कोष्टकातून येते: दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक मिळून रक्कम ठरवतात. हे कोष्टक वॅगनआरला आणि वर्षाकाठी मोजक्याच खपणाऱ्या गाडीलाही सारखंच लागू असतं. बाजार तसा वागत नाही. आणि हो, नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो आपल्या पुढच्या गाडीसाठी लिहून घ्यावा. त्याचे पैसे गाडीच्या भावात मिळवू नयेत.

५. केलेला खर्च परत येत नाही.
मामांचा हट्ट होता, “अगं, मागच्याच वर्षी चारही टायर नवे टाकलेत, बॅटरी टाकली, त्याचे पैसे नको का यायला?” त्यांचा जीव त्या बोलेरोत होता आणि त्यांनी ती खरोखर जपली होती. पण टायर घासलेले असते तर घेणाऱ्याने पैसे कापले असते. चांगले आहेत म्हणून तो वेगळे देत नाही. नवे टायर आणि नवी बॅटरी यांनी गाडी लवकर जाते, हाच त्यांचा मोबदला. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, अलॉय व्हील यांचंही तेच.
विकायच्या आधी डेंटिंग-पेंटिंग तर करूच नये, असं माझं ठाम मत आहे. ताजा रंग दिसला की घेणाऱ्यासोबत आलेला मिस्त्री बोनेटच्या कडा, दाराचे रबर आणि बोल्ट तपासायला लागतो. गाडी ठोकलेली असावी, ही शंका एकदा आली की जात नाही. ओरखड्यासकट मूळ रंगाला जास्त मान असतो. धुऊन, आतून स्वच्छ करून दाखवा, तेवढं पुरे.

६. नाशिकचा घेणारा जाणकार असतो, हे धरून चाला.
सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे आणि बॉशचाही, ज्याला जुनी माणसं अजून मायको म्हणतात. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर जिथे तयार होतात त्या गावात डिझेल गाडी बघायला येणारा एखाद्या काकांना सोबत आणतो, आणि ते काका नुसत्या आवाजावरून इंजेक्टरची तब्येत सांगतात. म्हणून दोष झाकू नका, भावात धरा. विश्वासातल्या मिस्त्रीकडून यादी करून घ्यावी: क्लच संपत आला आहे का, सस्पेन्शन वाजतं का, एसी थंड करतो का. प्रत्येकाचा खर्च लिहून आपल्या आकड्यातून वजा करावा आणि ती यादी घेणाऱ्याच्या हातात द्यावी. तो एकच दोष चार वेळा काढून भाव पाडू शकत नाही.
डिझेलबद्दल एक गैरसमज इथेही पसरला आहे. दहा वर्षांचा नियम दिल्ली परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. अकरा वर्षांची बोलेरो भंगाराच्या भावात मागणाऱ्याला हे शांतपणे सांगावं. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात द्राक्षाचा पैसा हातात आला की अशा गाड्यांना गिऱ्हाईक असतं. एमएच १५ पासिंग असेल तर आणखी बरं. पितृपक्षात मात्र घाई करू नये. दसरा जवळच असतो.

७. घरात एक आकडा लिहून ठेवा.
याच्या खाली द्यायची नाही, तो आकडा. मागायचा भाव त्यापेक्षा थोडाच वर असावा. पन्नास हजार वर ठेवून पन्नास हजार उतरणाऱ्या माणसावर घेणाऱ्याचा विश्वास बसत नाही. फोनवरच “शेवटचा किती?” विचारणाऱ्याला “गाडी बघा, मग बोलू” एवढंच सांगते. नात्यातल्या माणसालाही हाच भाव. तिथे सवलत द्यायची असेल तर ती आधी घरात बोलून द्यावी, गाडीपुढे उभं राहून नको.

८. अडकलेले कागद भावातून कापले जातात.
कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन ते उतरवून घ्या. जुनी ई-चलानं भरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी लावून घ्या, पीयूसी ताजी ठेवा. गाडीच्या नंबरवरून बरीचशी माहिती घेणारा मोबाइलवर आधीच बघून येतो.
आणि जास्त पैसे देतो, पण “नावावर नंतर करून घेईन” म्हणतो, त्याचा भाव मी सर्वांत खालचा धरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक हात बदललेल्या एका गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मूळ मालकावर ठेवली. ते धोक्याचे पैसे कुठल्याच भावात बसत नाहीत. म्हणून सौदा ठरला की त्याच बैठकीत फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ घाला, आणि १४ दिवसांच्या आत विक्रीची माहिती आरटीओला द्या.