नशेतल्या मुलाच्या घरी जाताना

बाल न्याय मंडळापुढे मूल आलं की त्याच्या घरी जायचं, शेजारीपाजारी विचारपूस करायची आणि अहवाल लिहायचा. परिविक्षा अधिकारी म्हणून मी हे बावीस वर्षं केलं. नशेच्या प्रकरणांतून जे शिकले, ते सांगते.

१. ‘चार दिवस आत राहू दे, अक्कल येईल.’ आयांच्या तोंडून हे मी फार ऐकलं. सोळा वर्षांच्या एका मुलाकडे गांजाची पुडी सापडली. मंडळ जामीन द्यायला तयार होतं, पण आई म्हणाली, ‘मॅडम, मी नाही नेणार त्याला घरी.’ दोन मुलींची लग्नं व्हायची होती, चाळीत बोलणी खावी लागत होती. मी तिला पुरेसं समजावलं नाही. मुलगा महिनाभर निरीक्षणगृहात राहिला. परतला तेव्हा गांजा सुटला नव्हताच, वर एमडी (मेफेड्रोन) कुठे मिळते तेही त्याला कळलं होतं. ती चूक माझी. पुढे कुठल्याही आईशी निवांत बसून बोलल्याशिवाय मी अहवाल लिहिला नाही.

२. पुडी कुणी दिली, हे आधी विचारावं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला आणि कलम ७८ नुसार मुलाकरवी तो विकणाऱ्याला किंवा वाहून नेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. माझ्याकडची कितीतरी मुलं शे-दोनशे रुपयांसाठी पुड्या पोहोचवत. त्यांना पाठवणाऱ्याचं नाव मात्र कागदावर क्वचितच दिसलं.

३. फडक्यावर सोल्युशन घेऊन हुंगणारं पोर कुणाच्याच खात्यात बसत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात तो पदार्थ नाही, म्हणून पोलीस त्याला हाकलतात आणि ते पुढच्या फलाटावर जाऊन बसतं. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के निघालं. व्यसनाच्या वाटेवरच्या अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेता येतं. त्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही. हे ठाण्यातल्या शिपायाला ठाऊक असलं, तरी पुष्कळ मुलं वाचतील.

४. एनडीपीएसचं कलम ६४-अ वाचून ठेवा. थोड्या मात्रेसह सापडलेला किंवा नशा केल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण जाऊ शकतं. पालकांना हे सांगणारा वकील मला फार कमी वेळा भेटला.

५. उपचारानंतर पोरगं पुन्हा घसरतं. पहिल्यांदा मला ती फसवणूक वाटली होती, आता तो आजाराचाच भाग आहे हे मी जाणते. पण मंडळाची पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि मधल्या काळात त्याच्या दारावर थाप मारणारं कुणी नाही. सरकारने नवी कलमं आणण्याआधी अशी थाप मारणारी माणसं नेमावीत. एकेका अधिकाऱ्याकडे एवढी मुलं असतात, की सगळ्यांचे चेहरेही लक्षात राहत नाहीत.

घरात शंका आली असेल, तर पोलीस दारात येण्याची वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आज रात्रीच फोन करा.