पाहुण्याला ओसरी, माजघर नव्हे

घरी पाहुणा आला, की आपण त्याला ओसरीवर बसवतो. पाणी देतो, चहा देतो. पण माजघरातल्या पेटीची किल्ली त्याच्या हाती देत नाही. यात त्याचा अपमान नाही. ही घराची रीत आहे. वायफायचीही अशीच रीत असते.

समजा, गावच्या वाचनालयात वायफाय आहे. तेथे राउटर नावाची एक छोटी पेटी असते. ती तारेवाचून सर्वांना इंटरनेट वाटून देते. वाचनालयाचा संगणकही तिलाच जोडलेला असतो. त्यात सभासदांची नावे आणि वर्गणीचा हिशेब असतो.

आता गावची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिला परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. तिला नाही म्हणू नये. पण कार्यालयाचा पासवर्डही देऊ नये. का बरे? मुलगी भली आहे. पण तिच्या लॅपटॉपात व्हायरस असला तर? तिला नकळत तो आपल्या संगणकात शिरू शकतो. मग सगळा हिशेब बुडायचा!

यावर उपाय आहे. पुष्कळ राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' ही सोय असते. गेस्ट म्हणजे पाहुणा. जाणत्या माणसाकडून ती सुरू करून घ्यावी. तिला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड द्यावा. पाहुण्यांना आतले संगणक दिसू देणारी खूण बंद ठेवावी. मग पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण आपल्या संगणकाकडे जायची वाट मिळत नाही. हा पासवर्ड मधूनमधून बदलावा.

पाहुण्यानेही जपून वागावे. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वायफाय सुरू झाले. पुढे ते हजारो स्थानकांवर आले. तेथे आपण सारेच पाहुणे! म्हणून हे ध्यानात ठेवा :

१. वायफायचे खरे नाव तेथील माणसाला विचारा. चोर तसेच नाव लावून बसू शकतो.

२. विंडोजच्या लॅपटॉपात 'पब्लिक नेटवर्क' निवडा. म्हणजे तो शेजारच्यांना दिसत नाही.

३. बँकेचे काम तेथे करू नका. त्यासाठी आपल्या मोबाइलचे इंटरनेट वापरा.

४. काम झाले, की ते वायफाय लॅपटॉपातून काढून टाका.

इतके करूनही कोणी फसवून पैसे काढले, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

सांगा पाहू : पाहुण्यांचा पासवर्ड वेगळा का ठेवावा?