नजरेची उडी व डॉक्टर वाडिया

आपण डोळ्यांनीं पाहतों असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पाहण्याचें पुष्कळसें काम मेंदूचें आहे. याची साक्ष पटण्यास प्रयोगशाळा नको, खोलींतील भिंतीवरचा आरसा पुरे. आरशापासून वीत-दोन वीत अंतरावर उभे राहा. प्रथम आपल्या डाव्या डोळ्याच्या प्रतिबिंबाकडे व लागलीच उजव्याच्या प्रतिबिंबाकडे पाहा. कितीही वेळां केलें तरी स्वतःचे डोळे हलतांना तुम्हांस दिसावयाचे नाहींत. शेजारीं उभ्या असलेल्या धाकट्या भावास मात्र ते स्पष्ट हलतांना दिसतील! डोळा फिरत असतांनाचें अंधुक चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोहोंचूंच देत नाहीं.

डोळ्यास फिरावें तरी कां लागतें? हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेंत आपली दृष्टि खरोखर तीक्ष्ण असते. म्हणून नजर सेकंदास सुमारें तीन वेळां उडी मारून एकेका जागेवर बसते. हें पान वाचतांनाही ती ओळीवरून सरकत नाहीं. दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखी उड्या घेत जाते. पॅरिसचे नेत्रवैद्य झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेंत ही गोष्ट १८७९ च्या सुमारास ध्यानांत आली. शरीराच्या हालचालींत इतकी वेगवान हालचाल क्वचितच दुसरी सांपडेल.

आतां ज्यांची ही उडीच हरपली, अशा माणसांकडे वळूं. लालबागहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे चिंचपोकळी व भायखळा मागें टाकतांच जे. जे. रुग्णालय लागतें. तेथें व त्यास जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (जन्म १९२५, मृत्यु २०१६) यांनीं १९५७ च्या सुमारास मज्जातंतूंच्या रोगांचा विभाग उभा केला. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांत कांहीं असे असत, कीं तोल सांवरत नाहीं, पाऊल वेडेंवांकडें पडतें, जीभ जड होते, पेला तोंडाशीं नेतां हात कांपतो. असला माणूस रस्त्यानें चालला, तर लोक त्यास दारूबाज ठरवून मोकळे होतात. लहान मेंदूच्या क्षयाचे हे रोग वैद्यांस ठाऊक होते; पण त्यांची वर्गवारी बहुशः मरणोत्तर मेंदू तपासून होई. ती जिवंत रोग्याच्या काय कामाची?

वाडियांनीं रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिलें. समोर धरलेल्या एका बोटावरून दुसऱ्यावर झट्‌दिशीं पाहावयास सांगितलें, तर यांतील कांहीं रोग्यांची नजर उडी न घेतां गोगलगायीसारखी सरकत जाई. अशांस डोळ्यांऐवजीं मान फिरविण्याची संवय लागते. दृष्टिपटल शाबूत, डोळ्यांचे स्नायूही शाबूत. बिघाड असतो तो मेंदूच्या देठांत, उडीचा हुकूम सोडणाऱ्या पेशींत. १९७१ सालीं स्वामी या सहकाऱ्यासह वाडियांनीं अशा नऊ कुटुंबांची हकीकत लंडनच्या ‘ब्रेन’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली व हा आनुवंशिक रोग निराळा आहे, असें प्रतिपादिलें. (त्याच वर्षीं मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली. तींतून उठलेल्या कांहीं रोग्यांचे पाय पुढें लुळे पडले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. भरुचा व इकडे वाडिया यांनीं हा संबंध जगापुढें मांडला. डोळा व मज्जातंतु यांची ही दुसरी गांठ. पण तो विषय वेगळा.)

नऊ कुटुंबांच्या निरीक्षणास रसायनाची जोड मिळण्यास पंचवीस वर्षें लागलीं. १९९६ सालीं या रोगाचा दोष बाराव्या गुणसूत्रावर सांपडला. तेथें सी-ए-जी हीं तीन अक्षरें बहुतेक माणसांत सुमारें २२ वेळां येतात. तीं ३२ च्या पलीकडे गेलीं, कीं रोग संभवतो, व पिढीगणिक संख्या वाढली तर तो अधिकाधिक लहान वयांत प्रकट होतो. १९९८ सालीं वाडिया व त्यांचे सहकारी यांनीं सहा भारतीय कुटुंबें तपासून त्याच ‘ब्रेन’मध्यें दाखविलें, कीं मंद नजर हीच या रोगाची मोठी खूण आहे. त्या वेळीं त्यांचें वय ७३ वर्षांचें होतें.

रोग थांबविणारें औषध अद्याप नाहीं. मग असल्या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. आईबापांपैकीं एकाचा दोष प्रत्येक अपत्यांत उतरण्याचा संभव निम्मा असतो. वीस वर्षांच्या निरोगी मुलानें आपलें रक्त तपासून घ्यावें कीं न घ्यावें, आणि लग्न ठरवितांना काय सांगावें, हे प्रश्न सोपे नव्हत. माझ्या मतें त्यांचा निर्णय त्या मुलावरच सोपवावा, वडीलधाऱ्यांनीं घाई करूं नये. पण ज्याच्या बापास शेजारीपाजारी दारूबाज म्हणत आले, त्या मुलास रोगाचें खरें नांव कळणें हीही लहान गोष्ट नव्हे.

क्यूबा बेटांतील होल्गीन प्रांतांत हा रोग जगांत सर्वांत अधिक प्रमाणांत आढळतो. तेथील संशोधकांस असें दिसून आलें, कीं हा दोष घेऊन जन्मलेल्या माणसांचीं पावलें अद्याप सरळ पडत असतांनाच त्यांच्या नजरेची उडी मंदावूं लागते. म्हणून औषधांची परीक्षा पाहतांना त्यांनीं डोळ्यांचा वेग यंत्रानें मोजला. जे. जे. मध्यें तें काम दोन बोटांवर चालत असे.