रात्रभर ३१.९४

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या रात्री कोकणात व्हावा तसा पाऊस झाला होता, विजाही खूप कडकडल्या होत्या. सकाळी सव्वाआठला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि सवयीने आधी संगणकाकडे गेले. बारा टाक्या, बारा रेघा, सगळं जागच्या जागी. चार टाक्या २८ अंशांच्या, चार ३० च्या, चार ३२ च्या. एअर पंप इन्व्हर्टरवर असल्यामुळे बुडबुडेही चालू होते. नवव्या टाकीपुढे ३१.९४ हा आकडा दिसत होता. आमच्या प्रयोगातलं एक शिनाणं (शिंपल्याच्या जातीचा प्राणी) उघडं पडल्यासारखं वाटलं म्हणून बाही सारून त्या टाकीत हात घातला, तर पाणी गार.

काचेचा थर्मामीटर शोधायलाच पाच मिनिटं गेली, कारण तापमान आपोआप नोंदवणारा लॉगर आल्यापासून तो कुणी वापरलाच नव्हता. त्याने २७.४ दाखवलं. पडद्यावर अजून ३१.९४ च.

रात्री कधीतरी टाक्यांच्या बोर्डावरचा एमसीबी पडला होता. हीटर बंद झाले होते आणि त्याच बोर्डावरचा सेन्सरांचा अडॅप्टरही. संगणक यूपीएसवर असल्याने जागा राहिला आणि दर पाच मिनिटांनी इमानेइतबारे आकडा लिहीत राहिला. रेघ मोठी करून पाहिली तेव्हा दिसलं की रात्री ९.४० पासून सकाळपर्यंत एकशे पंचवीसपेक्षा जास्त नोंदी झाल्या होत्या आणि प्रत्येक नोंद ३१.९४ होती. थर्मोस्टॅट लावलेल्या टाकीचं पाणी असं वागत नाही. हीटर चालू-बंद होतो, त्यामुळे रेघेला करवतीसारखे दाते असतात. माझ्या रेघेचे दाते रात्री गळून पडले होते.

यात यंत्राची चूक नव्हती. ती ओळ मी स्वतः प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. आमचे सेन्सर म्हणजे दीडशे-दोनशे रुपयांना मिळणारे, स्टीलच्या नळीत बसवलेले डीएस१८बी२०. या चिपला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आत तुम्ही वाचन मागितलं, तर ती ८५ अंश सांगते, कारण तिचा जन्मजात आकडाच तो आहे. आणि तारच सुटली तर आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. माझ्या आलेखात अधूनमधून असे सुळके यायचे. मार्गदर्शक सरांना दाखवायला आलेख नीट दिसावा म्हणून मी लिहिलं: ८५ किंवा उणे १२७ आलं, तर आधीचाच आकडा पुन्हा धर. आलेख देखणा झाला. सर म्हणाले, छान स्थिर ठेवलंय तापमान.

त्या दिवशी दुपारी मागच्या पाच महिन्यांच्या नोंदी चाळल्या. एकच आकडा चारपेक्षा जास्त वेळा ओळीने आलेल्या सतरा जागा सापडल्या. बहुतेक वीस-तीस मिनिटांच्या होत्या, पण दोन अख्ख्या रात्री होत्या. त्या रात्री पाणी किती होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. पूर्वी सकाळ-संध्याकाळ पेन्सिलीने लिहायची नोंदवही होती, ती लॉगर आल्यावर मीच बंद केली होती.

तेव्हापासून कुणी टाक्यांसाठी तापमानाचं यंत्र घ्यायचं म्हणून विचारायला आलं, की मी आधी किंमत किंवा कंपनी विचारत नाही. बंद पडल्यावर ते काय दाखवतं, हे विचारते. माहितीपत्रकात हे बहुधा नसतं, विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. मग आपणच तार उपटून पाहायची. रिकामी नोंद, एखादी खूण, अगदी उणे १२७ सुद्धा चालेल. जुना आकडा रेटणारं यंत्र, कितीही महागडं असो, घेऊ नका. आणि कच्च्या नोंदी जशा आल्या तशा एका फाइलमध्ये ठेवा. सफाई करायची ती दुसऱ्या फाइलमध्ये, केव्हा काय काढलं ते लिहून.

आता अचूकपणाबद्दल. इथे दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे माणसाला भुलवतात. माझ्या नोंदींत ३१.८८, ३१.९४, ३२.०० असे आकडे यायचे, ३१.९१ कधीच यायचा नाही. कारण ही चिप ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनीच मोजते. पायरी बारीक आहे, पण म्हणून आकडा खरा ठरत नाही. बनवणाऱ्यांनीच अर्धा अंश इकडे-तिकडे होईल असं सांगितलेलं आहे. म्हणजे दोन सेन्सर एकाच पाण्यात एका अंशाने वेगळे बोलले, तरी दोघेही नियमात. माझ्या दोन गटांमध्ये मुळात फरकच दोन अंशांचा होता! शिवाय बाजारात या चिपच्या नकला उदंड आहेत, त्या तेवढंही वचन पाळतील याची खात्री नाही.

त्या प्रसंगानंतर मी बाराही सेन्सर बर्फात घातले. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक कुटायचा, थर्मासमध्ये गच्च भरायचा, फटी भरतील इतकंच गार डिस्टिल्ड पाणी ओतायचं, ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. शून्य अंश फुकटात मिळतो. जेटीवरचा मासळीचा बर्फ मात्र आणू नका. त्याला मीठ लागलेलं असतं आणि खारा बर्फ शून्याखाली जातो. मी पहिल्यांदा तोच आणला होता, आणि सगळेच सेन्सर बिघडले असं समजून अर्धा दिवस घालवला. नीट केल्यावर दहा सेन्सर पाव अंशाच्या आत निघाले, एक उणे ०.३८ वर आणि एक ०.८१ वर. हा शेवटचा नवव्या टाकीतला. म्हणजे ज्या दिवशी सगळं सुरळीत होतं, त्या दिवशीही तिथे ३२ नव्हतं.

पण नुसत्या बर्फावर थांबू नये. शून्याला बरोबर असलेला सेन्सर तिशीत चुकू शकतो. म्हणून कामाच्या तापमानाला दुसरी पारख हवी. थर्माकोलच्या खोक्यात बादलीभर कोमट पाणी, सगळे सेन्सर रबरबँडने एकत्र बांधलेले आणि त्यांच्या मधोमध भरवशाचा एक थर्मामीटर. हा भरवशाचा थर्मामीटर ही माझ्या मते खरेदीच्या यादीतली पहिली वस्तू. त्याला एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असावं. आपण वापरतो त्या तापमानाला तो किती चुकतो, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. फक्त पाऱ्याचा घेतलात तर प्राण्यांच्या टाकीत कधीही बुडवू नका. शिनाणे दिवसभर पाणी गाळत बसतात, एक थर्मामीटर फुटला तर प्रयोग आणि टाकी दोन्ही गेली.

पैसे असतील तर पीटी१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर घ्या, असं सगळे सांगतात. बरोबरच आहे, पण दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली म्हणजे वर्ग. ‘अ’ वर्गाचा तिशीत साधारण ०.२ अंशापर्यंत चुकतो, ‘ब’ वर्गाचा ०.४५ पर्यंत, म्हणजे आपल्या स्वस्त चिपइतकाच. दुसरी म्हणजे तारा किती. पीटी१०० चा रोध एका अंशाला जेमतेम ०.३८५ ओमने बदलतो. दोन तारांचा घेतला आणि लांब केबल जोडली, तर केबलचाच रोध पाणी एक-दोन अंश गरम असल्याचं दाखवतो. तीन किंवा चार तारांचाच मागा. थर्मोकपल भट्टीसाठी ठीक आहे. नेहमीच्या के प्रकारात दोन अंशांची चूक नियमातच बसते, आपल्या उपयोगाचा नाही.

खाऱ्या पाण्याचा जाच वेगळाच. जाहिरातीतल्या ‘वॉटरप्रूफ’चा अर्थ बहुधा गोडं पाणी, आणि तेही काही दिवस. स्टीलच्या नळीत केबल शिरते त्या तोंडातून पाणी आत जातं. सेन्सर लगेच मरत नाही, आधी आठवडा-दोन आठवडे हळूहळू खोटं बोलू लागतो, आणि तीच अवस्था वाईट. आता आम्ही सेन्सर काचेच्या परीक्षानळीत घालतो आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवतो. वाचन मिनिटभर मागे पडतं, पण साठ लिटरच्या टाकीला त्याने काही फरक पडत नाही. तांब्या-पितळेची कुठलीही वस्तू पाण्यात जाऊ देऊ नका. तांबं शिंपल्यांच्या जातीला विष आहे. आणि सगळ्या टाक्यांच्या आधी ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, तिथे काटकसर नको. हीटरची काच तडकलेली असताना मी ज्या हाताने पाणी पाहते, तोच हात आत असणार.

सेन्सर कुठे बसवायचा, यात फार डोकं लागत नाही, तरी चुका होतात. हीटरच्या अंगाला नको. पृष्ठभागाजवळही नको. पाणी उडून पातळी चार बोटं उतरली की तो खोलीची हवा मोजू लागतो. सगळ्या टाक्यांचं पाणी जिथे जमतं त्या सामाईक टाकीत (संपमध्ये) एकच सेन्सर लावून बाराही टाक्यांचं तापमान म्हणून तोच आकडा लिहायचा, हेही मी पाहिलं आहे. मांडणीच्या वरच्या फळीवरची टाकी आणि खालची टाकी यांच्यात अंशभर फरक सहज असतो.

एवढ्या एका अंशाने काय होतं, असं विचारणारे भेटतात. झेब्राफिशवर काम करणाऱ्यांना विचारा. त्यांचे भ्रूण २८.५ अंशांना वाढवतात, आणि तापमानाप्रमाणे वय काढायचं सूत्र १९९५ पासून त्यांच्या हाताशी आहे. त्या सूत्राने २८.५ ला २४ तासांत गाठलेली अवस्था २६ ला गाठायला जवळजवळ २८ तास लागतात. अडीच अंशांत चार तास मागे. त्या भ्रूणाची २४ तासांचा म्हणून दुसऱ्याशी तुलना केली, तर औषधाचा म्हणून जो परिणाम दिसेल तो हीटरचा असेल.

नोंदींचं अंतर पाच मिनिटं पुरतं. सेकंदासेकंदाला लिहून डोंगर रचू नका, आणि तासाची सरासरीही लिहू नका, तिच्यात रात्रीचा खड्डा बुजून जातो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवा. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा गोंधळ एक्सेल कुणालाही न विचारता परस्पर मिटवतं आणि आपल्याला महिन्यांनी कळतं. घड्याळाचा बटण-सेल संपला की पुष्कळ लॉगर १ जानेवारी २००० पासून सुरुवात करतात. मला ते आवडतं. निदान दिसतं तरी.

गजराची गोष्ट मात्र थोडी रेंगाळून सांगते. पहिला गजर आम्ही अर्ध्या अंशावर लावला. दिवसाला तीस संदेश यायचे, आठवड्यात सगळ्यांनी तो ग्रुप म्यूट केला. आता एक अंशाचा फरक वीस मिनिटं टिकला तरच संदेश येतो. आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: रोज सकाळी सात वाजता यंत्र ‘चालू आहे’ एवढंच कळवतं. तो संदेश आला नाही की निघायचं. कारण ज्या रात्री खरा घोटाळा होतो, त्या रात्री वायफायचा राउटर बंद असतो, आणि आमच्याकडे पावसात दोन-तीन तासांनी मोबाइलचा टॉवरही जातो. गजर पाठवणारं यंत्रच अशा वेळी मुकं झालेलं असतं.

सध्याची आमची व्यवस्था म्हणाल तर अशी. प्रत्येक टाकीत तारेचा एक सेन्सर, गजरासाठी. प्रत्येक तापमानाच्या एका टाकीत पाण्यात बुडवून ठेवायचा बंद लॉगर, ज्याची बॅटरी आणि स्मृती पोटातच असते. बोर्ड पडो, संगणक पडो, तो आपला लिहीत राहतो, आणि ०.२ अंशापर्यंत खरं लिहितो. तो वेळेवर हाक मारत नाही, महिन्याने वाचायचा असतो. म्हणून एकटा पुरत नाही, पण दोघांत वाद झाला की साक्ष त्याची. घेताना बॅटरी बदलता येते का ते पाहा, काही प्रकारांत येत नाही आणि बॅटरीबरोबर अख्खं यंत्र जातं. आणि भिंतीवर दोरीने बांधलेली पेन्सिल व नोंदवही परत आली आहे. सकाळ-संध्याकाळ काचेच्या थर्मामीटरचा आकडा आणि लिहिणाऱ्याची सही.

माझ्या प्रबंधात ३२ अंशांचा रकाना नाही. चार टाक्यांचं पाच महिन्यांचं काम त्या सतरा जागांमुळे वगळावं लागलं, आणि मार्गदर्शकांसमोर बसून का वगळलं ते सांगावं लागलं.

तुमच्याकडे आज टाक्या चालू असतील तर संध्याकाळी निघताना एका टाकीतला सेन्सर काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवा, मग त्याची तार दहा मिनिटं उपटून ठेवा, आणि सगळं परत लावून घरी जा. उद्या सकाळी आलेखात ते दोन्ही खड्डे दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर त्या टाकीच्या आजवरच्या नोंदी आधी उघडा, नवं यंत्र मागवायचं नंतर बघू.